पैजेचा भाव

शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'चा दुसरा अंक ज्यांनीं वाचला असेल त्यांना माथुराची आठवण असेलच. द्यूतांत दहा सुवर्ण हरून पळालेला संवाहक एका ओसाड देवळांत शिरतो व मूर्ति बनून उभा राहतो. माथुर आणि त्याच्या बरोबरचा जुगारी त्याचा माग काढीत तेथें येतात आणि तेथेंच खेळ मांडून बसतात. खेळाचा आवाज कानीं पडतांच संवाहकाला राहवत नाहीं. मूर्तीचें सोंग टाकून तो पुढें सरसावतो व आयताच सांपडतो. या प्रसंगीं प्रेक्षकांचें सारें लक्ष संवाहकाकडे असतें, व तें योग्यच आहे. परंतु थोडें माथुराकडेहि पाहिलें पाहिजे. तो सभिक आहे, म्हणजे द्यूतगृहाचा चालक. संवाहक हरला, दुसरा कोणी जिंकला. माथुराचें उत्पन्न मात्र कोण हरतो व कोण जिंकतो यावर अवलंबून नाहीं. खेळ चालू राहिला आणि हरलेल्याकडून वसूल झालें कीं त्याचें काम झालें.

आपल्या शास्त्रकारांनीं या तिसऱ्या माणसाला चांगलें ओळखलें होतें. मनूनें द्यूताचा सर्वस्वीं निषेध करून राजानें तें राज्यांतून नाहींसें करावें असें सांगितलें. कौटिल्यानें व याज्ञवल्क्यानें व्यवहाराकडे दृष्टि ठेवून निराळी वाट धरली. द्यूत अध्यक्षाच्या देखरेखीखालीं ठराविक जागीं चालावें, व त्यानें जिंकलेल्या रकमेंतून शेंकडा ५ घ्यावे, असें अर्थशास्त्रांत आहे. याज्ञवल्क्यानें मोठ्या डावाला शेंकडा ५ व इतरांस शेंकडा १० असा दर सांगितला असून, राजाला त्याचा भाग देणें आणि हरलेल्याकडून वसूल करून जिंकणाराच्या पदरांत टाकणें हें सभिकाचें कर्तव्य ठरविलें आहे. म्हणजे सभिकाची दलाली किती, हें निदान शास्त्राप्रमाणें तरी खेळावयास बसणाऱ्या प्रत्येकाला आधींच ठाऊक असावयाचें.

शर्यतीच्या मैदानावर किंवा खिशांतल्या मोबाइलवर पैज घेणारा बुकमेकर हा या सभिकाचाच वारस होय. फरक एकच आहे, पण तो मोठा आहे. बुकमेकरची दलाली कोठेंहि लिहिलेली नसते. ती त्यानें पुकारलेल्या भावांत मुरलेली असते, आणि बेरीज करून पाहिल्यावांचून दिसत नाहीं. उघडी दलाली भावांत कशी शिरली, आणि तेथें शिरल्यावर तिनें काय काय घडविलें, याचा वृत्तांत ज्या देशांत हा धंदा आकारास आला त्या इंग्लंडच्या इतिहासांत उत्तम पाहावयास मिळतो. म्हणून आतां तिकडे वळूं.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत इंग्लंडांतली घोड्यांची शर्यत म्हणजे बहुधा दोन धनिकांमधली होड असे. दोघेहि ठराविक रक्कम लावीत व जिंकेल तो ती घेऊन जाई. भोंवतालचे स्नेहीहि दोन पक्षांत वांटले जाऊन आपसांत पैजा मारीत. दोनच घोडे असले म्हणजे एका पक्षाला दुसरा पक्ष समोरच सांपडतो. पुढें सेंट लेजर (१७७६), ओक्स (१७७९) आणि डर्बी (१७८०) या शर्यती सुरू झाल्या, व एकाच वेळीं पुष्कळ घोडे धांवूं लागले. आतां एखाद्याला आठव्या घोड्यावर दहा पौंड लावावयाचे असले, तर नेमकी त्याच घोड्याविरुद्ध तेवढीच पैज मारणारा गृहस्थ त्यानें शोधावा कोठें? ही अडचण ज्यानें ओळखली तो पहिला बुकमेकर. १७९० नंतरच्या दशकांत न्यूमार्केटच्या मैदानावर ऑग्डेन नांवाच्या मनुष्यानें शर्यतींतल्या प्रत्येक घोड्याचा निरनिराळा भाव सांगून कोणाचीहि पैज घेण्यास आरंभ केला, असें शर्यतींचे इतिहासकार परंपरेनें सांगत आले आहेत. त्याला स्वतःचा आवडता घोडा नव्हता. त्याच्यापाशीं एक वही होती. तींत तो सर्वांच्या पैजा टिपून घेई, आणि त्या वहीवरूनच या धंद्याला नांव पडलें.

ही वही उघडून पाहण्यासारखी आहे. तींतलें गणित शाळेंतल्या मुलालाहि समजेल इतकें सोपें आहे. तरी मोठमोठे शहाणे तें न करतांच पैसे लावीत आले.

तीन घोड्यांची एक लहानशी शर्यत कल्पावी. पहिल्याचा भाव बरोबरीचा, म्हणजे एक रुपया लावून जिंकणारास आपला रुपया परत व वर आणखी एक रुपया. दुसऱ्याचा भाव दोनास एक, आणि तिसऱ्याचा तीनास एक. प्रत्येक भावांत संभवाचा एक अंदाज दडलेला असतो. बरोबरीचा भाव म्हणजे दोन शर्यतींत एकदां, अर्थात् शंभरांत ५०. दोनास एक म्हणजे तीन शर्यतींत एकदां, शंभरांत ३३ व एक तृतीयांश. तीनास एक म्हणजे चार शर्यतींत एकदां, शंभरांत २५. यांची बेरीज १०८ व एक तृतीयांश होते. आतां तिघांपैकीं एक घोडा जिंकणारच, आणि एकच जिंकणार. तेव्हां खऱ्या संभवांची बेरीज बरोबर शंभर भरली पाहिजे. मग हे वरचे आठ आले कोठून? ते कोणत्याहि घोड्याच्या पायांत नाहींत. तेच बुकमेकरचे आठ.

ते त्याच्या खिशांत कसे पडतात तें पाहा. पहिल्या घोड्यावर लोकांनीं ३०० रुपये लावले, दुसऱ्यावर २००, आणि तिसऱ्यावर १५०. एकूण जमा ६५०. पहिला जिंकला तर ३०० परत व ३०० वर, मिळून ६०० द्यावयाचे. दुसरा जिंकला तर २०० व ४००, पुन्हां ६००. तिसरा जिंकला तर १५० व ४५०, म्हणजे पुन्हां ६००च. कोणताहि घोडा पुढें येवो, ५० रुपये वहींत शिल्लक राहतात. जमेच्या मानानें ती दलाली सुमारें पावणेआठ टक्के पडते. शर्यत सुटतांना मैदानावरचे हजारों लोक श्वास रोखून उभे असतात. ज्याची वही अशी जुळली आहे तो मात्र खुशाल पाठ फिरवून उभा राहूं शकतो.

अर्थात् लोक इतक्या शिस्तीनें पैसे लावीत नाहींत. आणि बुकमेकरचें खरें कसब येथेंच लागतें. आरंभींचा भाव तो घोड्याच्या मागच्या शर्यती, पाठीवरचें वजन, अंतर, जमिनीचा ओलावा, जॉकीचा हात यांचा विचार करून काढतो. परंतु एकदां पैसा येऊं लागला कीं भाव पैशाच्या मागून चालतो. पहिल्या घोड्यावर गर्दी झाली तर त्याचा भाव आंखडावयाचा. बरोबरीच्या ऐवजीं पांच लावणारास चारच द्यावयाचे. आणि ज्या घोड्यांकडे कोणी फिरकत नाहीं त्यांचे भाव वाढवून गिऱ्हाइकाला तिकडे ओढावयाचें. तेवढ्यानें भागलें नाहीं तर दुसरा उपाय असतो. मुंबईच्या बोलींत गिऱ्हाईक पैसे 'लावतें' आणि बुकी ते 'खातो'. खाल्लेलें पचणार नाहीं अशी शंका येतांच तो त्यांतला कांहीं भाग दुसऱ्या बुकीकडे स्वतःच लावून मोकळा होतो. म्हणून फळ्यावरचा भाव म्हणजे कोणा जाणत्याचें भविष्य, अशी जी सामान्य समजूत आहे ती खरी नव्हे. बाजारांतल्या जिनसेच्या भावासारखाच तो भाव असतो; मालाची परीक्षा त्यांत असते, तशी गर्दीची हांवहि असते.

या हांवेचा कल कोणीकडे असतो हेंहि मोजलें गेलें आहे. १९४९ सालीं ग्रिफिथ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें शर्यतींचे आंकडे तपासून दाखविलें कीं, ज्यांचा भाव फार मोठा अशा दुबळ्या घोड्यांवर लोक त्यांच्या खऱ्या योग्यतेहून अधिक पैसा लावतात, आणि चांगल्या घोड्यांवर त्या मानानें कमी. पुढें अनेक ठिकाणीं हेंच आढळून आलें. एका रुपयाचे पन्नास मिळण्याची आशा माणसाला एकाचे दोन मिळण्याच्या आशेहून अधिक गोड वाटते. बुकमेकरलाहि हें अनुभवानें ठाऊक असतें. म्हणून तो आपली दलाली सर्व घोड्यांवर सारखी न पसरतां मोठ्या भावांत अधिक दडवतो. जेथें गिऱ्हाईक किंमत पाहत नाहीं तेथेंच दुकानदारानें ती वाढवावी, असाच हा प्रकार आहे.

वही न जुळवितां बुकमेकरच्या जागीं उभें राहिल्यास काय होतें, याचें एक उदाहरण १८६७ सालच्या डर्बीनें घालून दिलें. ज्या गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जच्या अमदानींत १८१८ सालीं पेशवाई बुडाली, त्याचाच नातू, चौथा मार्क्विस ऑफ हेस्टिंग्ज, या शर्यतीचा दुर्दैवी नायक होता. तीन वर्षांपूर्वीं, १८६४ सालीं, हेन्री चॅप्लिन या गृहस्थाशीं जिचा विवाह ठरला होता त्या लेडी फ्लॉरेन्स पॅजेटला घेऊन हेस्टिंग्जनें पळून जाऊन लग्न केलें होतें. पुढें चॅप्लिननें शर्यतीचे घोडे बाळगले. त्यांतला हर्मिट नांवाचा घोडा १८६७ च्या डर्बींत धांवणार होता. हा घोडा जिंकणार नाहीं अशा पैजा हेस्टिंग्जनें प्रचंड रकमांच्या घेतल्या. शर्यत थोड्या दिवसांवर आली असतां सरावांत हर्मिटची रक्तवाहिनी फुटली, आणि त्याचा भाव १५ पौंडांस १००० पौंड येथवर घसरला. या भावाचा अर्थ असा कीं, १०१५ शर्यतींत तो फार तर १५ वेळां जिंकावयाचा. मे महिन्यांतल्या त्या दिवशीं मैदानावर बर्फ पडत होतें. अशा हवेंत, कोणाच्या ध्यानींमनीं नसतां, हर्मिट मानेच्या अंतरानें पुढें आला. हेस्टिंग्ज सुमारें १,२०,००० पौंड हरला. चॅप्लिन जवळजवळ तितकेच जिंकला.

ही कथा इंग्लंडांत प्रेमाचा व सूडाचा दैवी न्याय म्हणून सांगितली जाते. आपण तिच्याकडे वहीच्या दृष्टीनें पाहूं. हेस्टिंग्ज त्या दिवशीं बुकमेकरच्या बाजूस उभा होता. पैजा त्यानें लावल्या नव्हत्या, खाल्ल्या होत्या. परंतु त्याच्या वहींत एकच पान होतें. इतर घोड्यांवरच्या पैजा समान प्रमाणांत घेऊन हर्मिटचा धोका भरून काढावा, किंवा रक्कम हाताबाहेर जातांच थोडी दुसऱ्याकडे लावावी, हें सामान्य बुकमेकरचें शहाणपण त्याच्यापाशीं नव्हतें. किंवा असलें तरी मत्सरानें त्याला तें सुचूं दिलें नाहीं. हर्मिट विजयी होऊन आल्यावर त्यानें पुढें होऊन त्याची मान थोपटली, असें सांगतात. तेवढें सरदारी वळण त्याच्या अंगीं होतें. पुढच्याच वर्षीं, १८६८ च्या नोव्हेंबरांत, वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षीं तो मरण पावला. ज्याला घोड्यांविषयीं कांहीं मत नाहीं असा वहीवाला तरला, आणि ज्याचें मत अत्यंत तीव्र होतें तो लॉर्ड बुडाला, यांतच या धंद्याचें मर्म आहे.

लॉर्ड बुडाला तर त्याची कथा होते. नोकरमाणूस बुडाला तर त्याच्या घरापलीकडे तें कोणास कळतहि नाहीं. १८४० नंतर लंडनच्या गल्ल्यांतून भावांच्या याद्या लावलेलीं दुकानें निघालीं. तेथें कारकून, उमेदवार, घरगडी हे शिलिंग-दोन शिलिंग रोख लावूं लागले. याद्यांचीं दुकानें आज उघडावीं व मोठ्या शर्यतीनंतर गुप्त व्हावीं, असेहि प्रकार झाले. १८४५ च्या कायद्यानें पैजेचें देणें न्यायालयांत वसूल होईनासें झालें होतें; म्हणजे याज्ञवल्क्यानें सभिकावर घातलेली वसुलीची जबाबदारी इंग्रजी कायद्यानें कोणावरच ठेवली नाहीं. १८५३ च्या कायद्यानें हीं दुकानें बंद केलीं. पण टॅटरसॉलच्या जागेंत सरदार व सावकार ज्या पैजा मारीत त्यांना धक्का लागणार नाहीं अशी काळजी तो कायदा करतांना घेण्यांत आली. पुढें १९०६ च्या कायद्यानें रस्त्यावरच्या पैजाहि गुन्हा ठरल्या. परिणाम इतकाच झाला कीं, गरिबाची पैज गल्लीच्या तोंडाशीं उभ्या असलेल्या मध्यस्थाकडे गेली. वर्तमानपत्रांत छापून येणाऱ्या, शर्यत सुटतांनाच्या भावानें तिचा हिशेब होई. आणि तो भाव आंखडावा म्हणून बाहेरचे बुकमेकर तारेनें, पुढें टेलिफोननें, ऐन वेळीं मैदानावर पैसा पाठवीत. १९२६ सालीं अर्थमंत्री चर्चिल यांनीं पैजांवर कर बसविला. पण जो धंदा अर्धा अंधारांत चालतो त्याच्याकडून तो पुरता वसूल होईना, व थोड्याच वर्षांत तो मागें घ्यावा लागला.

दलाली पुन्हां उघड्यावर आणण्याची युक्ति फ्रान्समध्यें निघाली, आणि तीहि हर्मिट जिंकला त्याच १८६७ सालाच्या सुमारास. पॅरिसमधील जोसेफ ओलेर या गृहस्थानें भाव सांगण्याची पद्धतच सोडून दिली. सर्वांचा पैसा एका जागीं गोळा करावा, त्यांतून ठराविक टक्के काढून घ्यावे, आणि उरलेली रक्कम जिंकणाऱ्या घोड्यावर ज्यांनीं पैसे लावले असतील त्यांना प्रमाणशीर वांटून द्यावी. हाच ओलेर पुढें 'मुलँ रूज' या प्रसिद्ध नाट्यगृहाचा एक संस्थापक झाला. फ्रेंच सरकारनें प्रथम त्याला गुन्हेगार ठरविलें, आणि १८९१ सालीं त्याचीच पद्धत कायदेशीर करून बुकमेकरांना बंदी केली. एवढ्या बेरजा हातानें करणें कठीण. तें काम जॉर्ज ज्यूलियस या ऑस्ट्रेलियांतल्या एंजिनिअरनें मतें मोजण्यासाठीं कल्पिलेल्या यंत्रांत फेरफार करून साधलें, व १९१३ सालीं न्यूझीलंडमध्यें ऑकलंडजवळच्या एलर्स्ली मैदानावर तें यंत्र प्रथम चाललें. इंग्लंडांत या 'टोट'ला १९२८ च्या कायद्यानें परवानगी मिळाली. याज्ञवल्क्याचा सभिक असा दीड हजार वर्षांनीं यंत्र होऊन परत आला. दलाली टक्क्यांत, ठरलेली आणि सर्वांना माहीत.

तरीसुद्धां बुकमेकर गेला नाहीं, ही लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट आहे. आमच्या मुंबईसच पाहा. १८८३ सालीं महालक्ष्मीचें मैदान सुरू झालें, आणि १९१२ च्या कायद्यानें शर्यतीच्या मैदानांना परवाना आवश्यक झाला. त्या मैदानावर टोटच्या खिडक्या व बुकमेकरांचे फळे शेजारीं शेजारीं नांदले. टोटमध्यें आपल्याला काय मिळणार हें शर्यत सुटेपर्यंत कळत नाहीं. बुकमेकर आंकडा आतांच सांगतो व तो पाळतो. माणसाला उघड्या दलालीपेक्षां ठरलेला आंकडा अधिक आवडतो. त्या आंकड्यांतच दलाली आहे हें त्याला दिसत नाहीं, किंवा दिसलें तरी तो तिकडे डोळेझांक करतो.

१९६० सालीं इंग्लंडनें आपलें धोरण फिरविलें, आणि १ मे १९६१ पासून पैजांचीं दुकानें राजरोस उघडलीं. त्यानंतर संगणक आला, दुकान मोबाइलमध्यें शिरलें, आणि फुटबॉल, टेनिस, क्रिकेट असे सर्व खेळ वहींत दाखल झाले. भाव आतां दर चेंडूला बदलतो. बेरीज मात्र तीच, शंभराच्या वर. उलट वहीवाला अधिक धीट झाला आहे. २००४ सालीं स्टीव्हन लेव्हिट या अर्थशास्त्रज्ञानें अमेरिकन फुटबॉलवरील पैजा तपासून असें दाखविलें कीं, बुकमेकर दोन्ही बाजू जुळविण्याचा आग्रह धरीत नाहींत. गिऱ्हाइकांची आवड कोणीकडे झुकते हें जाणून ते भाव मुद्दाम थोडा वांकडा ठेवतात, व त्यांत अधिक मिळवितात. आणि एखादें गिऱ्हाईक खरोखरच जाणतें निघून सतत जिंकूं लागलें, तर त्याची पैज अगदीं लहान रकमेपुरती घ्यावयाची किंवा घ्यावयाचीच नाहीं, हीहि या धंद्याची नित्याची रीत आहे. हिंदुस्थानांत २०२५ सालीं संसदेनें पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा केला. मनूचा मार्ग व याज्ञवल्क्याचा मार्ग यांतला जुना वाद अशा रीतीनें पुन्हां उभा राहिला आहे. १८५३ च्या कायद्याचा अनुभव असा कीं, बंदीनें दुकान नाहींसें होतें. गिऱ्हाईक नाहींसें होत नाहीं. म्हणून कायदा कोणताहि असो, त्या बेरजेचें ज्ञान घरोघरीं असणें अवश्य आहे.

महाभारतांतल्या नलाची कथा या बाबतींत फार मार्मिक आहे. द्यूतांत राज्य गमावून नल वनांत गेला. पुढें ऋतुपर्ण राजाचा सारथि होऊन जातांना, वाटेंतल्या बेहड्याच्या झाडाचीं पानें व फळें किती हें राजानें रथांतूनच सांगितलें. नलानें रथ थांबवून मोजून पाहिलें, तों आंकडा बरोबर! मोजण्याची ही विद्या आणि फाशांचें मर्म हीं एकच आहेत हें त्याला कळलें; तें अक्षहृदय शिकून तो परतला, आणि पुष्करापासून त्यानें आपलें राज्य जिंकून घेतलें. पुष्करानें त्याच्याशीं पुन्हां खेळण्याची चूक केली. आजचा बुकमेकर ती करीत नाहीं. मोजावयास शिकून आलेल्या नलाला तो दारावरूनच परत पाठवितो. त्याला हवा असतो तो वनांत जाण्यापूर्वींचा नल.